केंगलेबाईंची सातवी

आमच्या शाळेच्या ऑफिसात माझा एक फोटो लावलेला आहे. एका हातात तराजू, गळ्यात हार, आणि खाली रंगीत अक्षरांत ‘तराजू पद्धतीने बीजगणित’. यंदा शाळा स्मरणिका काढते आहे आणि या पद्धतीची जन्मकथा मी लिहावी असा आताच्या मुख्याध्यापकांचा आग्रह आहे. लिहितो. पण ती पद्धत माझी नाही. ती शेवंता केंगले यांची आहे. त्या फोटोत दिसत नाहीत, कारण फोटो निघाला तेव्हा त्या मागे खुर्च्या आवरत होत्या.

बाई शाळेत आल्या नव्वदीच्या मध्यावर. कळंबपासून दोन कोसांवर, कांद्याच्या आणि उसाच्या रानात आमची शाळा. मी मुख्याध्यापक, शिवाय आठवी ते दहावीचं बीजगणित माझ्याकडे. बाई आहुप्याकडच्या, डोंगरातल्या. डीएड झालेल्या, म्हणून पाचवी ते सातवी त्यांच्याकडे. रुजू व्हायला आल्या तेव्हा खांद्याला एक पिशवी आणि काखेत चादरीत बांधलेलं काहीतरी लोखंडी. ते टेबलावर ठेवलं तेव्हा खणखणलं.

“हे काय?” मी विचारलं.

“तराजू हाय, सर.”

“तराजू कशाला?”

“सातवीला समीकरण हाय ना,” बाई म्हणाल्या. जणू समीकरण म्हटलं की तराजू आलाच, एवढंही या हेडमास्तराला कसं कळत नाही!

पुढे कळलं की येताना एसटीत कंडक्टरनंही हाच प्रश्न विचारला होता. डोंगरात हिरडा पिकतो, तो तोलून विकतात, त्यामुळे त्याला वाटलं बाई हिरडा तोलायला निघाल्या. “काय तोलायचंय, बाई?” “एक्स.” “आँ? हे कुठं पिकतं?” “सातवीच्या पुस्तकात.” त्यानंतर तो कंडक्टर बाई दिसल्या की ओरडायचा, “बाई, यंदा एक्स कसा काय?” आणि बाई म्हणायच्या, “लई चांगला. पाऊस बरा झाला.”

बाई बुटक्या, काळ्यासावळ्या, चालायला वाऱ्यासारख्या. आयुष्य चढउतारावर गेलेलं, त्यामुळे सपाट व्हरांड्यातही पाऊल गरजेपेक्षा थोडं उंच उचलायच्या. खडू कानावर खोचायची सवय; मग वर्गभर खडू शोधायचा आणि पोरांनी एका सुरात “कानावर!” म्हणायचं. फळ्याच्या वरच्या कडेला हात पोचत नसे म्हणून बाकावर चढून लिहायच्या. मी एकदा म्हटलं, “बाई, खालीच लिहा की.” तर म्हणाल्या, “सर, सरकारनं फळा वरपोत दिलाय. अर्धा ठिवून काय करायचं?” त्यांचं हसू तीन वर्ग ओलांडून ऑफिसात यायचं. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. नंतर एखाद्या दिवशी नाही आलं तर बाई रजेवर आहेत का ते मी हजेरीपुस्तकात पाहायचो.

बीजगणिताच्या पहिल्या आठवड्यात बाई ‘एक्स’ हे अक्षर तोंडातून काढतच नसत. गणवेशाच्या उरलेल्या खाकी कापडाच्या त्यांनी छोट्या पिशव्या शिवल्या होत्या, तोंडाला नाडी असलेल्या. आत काचेच्या गोट्या. किती, ते फक्त बाईंना माहीत. मी एकदा खिडकीबाहेर उभं राहून तो तास पाहिला. टेबलावर तराजू टांगलेला. डाव्या पारड्यात दोन पिशव्या आणि तीन सुट्या गोट्या, उजव्यात अकरा सुट्या गोट्या. काटा मधोमध.

“पिशवीत किती?” बाई.

“आठ!” “पाच!” “सात!” सगळा वर्ग बाजारासारखा.

“अंदाज नाय पायजे. काढून दावा. पर काटा हलला तर त्याला भायेर काढीन.”

एक पोरगी पुढे आली. तिनं डावीकडच्या तीन सुट्या गोट्या उचलल्या. पारडं वर गेलं आणि वर्ग ओरडला. तिनं घाईनं उजवीकडच्याही तीन उचलल्या. काटा पुन्हा मधे. आता दोन पिशव्या एकीकडे, आठ गोट्या दुसरीकडे. पोरगी विचार करत उभी राहिली, मग पुटपुटली, “दोन पिशव्यांत आठ… म्हंजी एकीत चार.”

“खरं का?” बाईंनी वर्गाला विचारलं.

“पिशवी उघडा!” सगळे ओरडले. पिशवी उघडली. चार गोट्या टेबलावर घरंगळल्या. असा जल्लोष मी शाळेच्या कबड्डीच्या सामन्यातसुद्धा ऐकला नव्हता.

उणे आलं तर पिशवीला भोक पडलं. पिशवीतून तीन गोट्या सांडल्या आणि पाच उरल्या, तर आधी सांडलेल्या तीन परत भरायच्या आणि पलीकडच्या पारड्यालाही तीन द्यायच्या, नाहीतर ते रुसतं. आठवडाभर हे चाललं की एका सकाळी बाई फळ्यावर पिशवीचं चित्र काढून ते पुसायच्या, त्या जागी एक्स लिहायच्या आणि म्हणायच्या, “पिशवी काढून काढून हात दुखला. आता नुसतं हे लिहू.” पोरांना एक्सची भीती वाटायला वेळच मिळत नसे. ती त्यांची जुनी ओळखीची पिशवी असे.

आम्ही बाकीचे काय शिकवायचो ते सांगितलं पाहिजे. आम्ही सांगायचो की बरोबरच्या चिन्हापलीकडे आकडा नेला की त्याचं चिन्ह बदलतं. अधिक पाच पलीकडे गेले की उणे पाच. का बदलतं, ते मला माझ्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. वीस वर्षं तेच शिकवत होतो. बाईंना हे वाक्य अजिबात खपत नसे. “पाच काय पावणा हाय का, हिकडून तिकडं जायला?” म्हणायच्या.

त्यांचं ‘पिशवी उघडा’ शिक्षकांच्या खोलीतही आलं. कुणी म्हणालं की दिवाळीची सुट्टी दोन दिवस वाढणार आहे, की बाई डब्यातून मान वर न करता विचारायच्या, “पिशवी उघडून बघितली का?” कुणी कुणाबद्दल वाईटसाईट बोललं तरी हाच प्रश्न. त्यामुळे आमच्या शाळेत अफवा फार दिवस टिकत नसत.

एकदा रंजना नावाच्या मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. रंजना सातवीत, मघाशी पिशवी सोडवणारी तीच. वडील कांद्याच्या रानातून थेट आलेले, पायाला माती. ऑफिसात न थांबता वर्गाच्या दारातच उभे राहिले.

“ओ बाई, आमची पोरगी घरी गोट्या खेळती आन म्हनती गनित करतीय. आमी काय येडं हाय का?”

“या, भाऊ, बसा,” बाईंनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. बाक एवढासा, ते एवढे थोरले. गुडघे हनुवटीला लागले. वर्ग हसू दाबून बसलेला. “सांगा, भाऊ. तुमी तीन गाड्या कांदा भरला. तिन्ही सारख्या. वर चार गोण्या खाली उरल्या. सगळ्या मिळून चौसष्ट गोण्या. एका गाडीत किती?”

“वीस,” ते लगेच म्हणाले.

“कसं काढलं?”

“कसं म्हंजी? उरलेल्या चार बाजूला ठिवायच्या. साठ राह्यल्या. तीन गाड्या. वीस. ह्याला काय डोकं लागतंय?”

बाईंनी फळ्यावर त्यांच्या बोलण्याप्रमाणे एकेक ओळ मांडली. चौथ्या ओळीला उत्तर आलं, एक्स बरोबर वीस. “भाऊ, तुमाला बीजगणित येतंय.”

ते फळ्याकडे बघत राहिले. “हे येवढंच व्हतं व्हय? मग सातवीत मला मास्तरनं का हानलं?” वर्ग फुटला. जाताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, बाई लई भारी हाय. जपा.”

मी जपलं नाही.

बाईंच्या हातची पहिली तुकडी आठवीत माझ्याकडे आली तेव्हाच ठिणगी पडली होती. मी फळ्यावर पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं. मागच्या बाकावरून हात वर.

“सर, चिन्ह का बदलतं?”

“नियम आहे.”

“बाईंच्याकडं नियम नव्हता, सर. कारण व्हतं.”

त्या मुलानं उद्धटपणा केला नव्हता. त्याला खरंच वाटलं की नियमाचंही कारण मी सांगेन. मी त्याला उभं केलं आणि तास संपेपर्यंत बसू दिलं नाही. त्या दिवसापासून तीन वर्ग ओलांडून हसू आलं की मी ऑफिसचं दार लोटून घ्यायचो. चाळिशी उलटलेला, बीएस्सी झालेला माणूस, आणि डीएडच्या बाईंवर जळत होतो. तेव्हा मी त्याला शिस्त असं नाव दिलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. हसतमुख, थोडे थकलेले गृहस्थ. सातवीत गेले, फळ्यावर लिहिलं, तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस, आणि समोरच्या मुलीला उठवलं. ती रंजना.

“हा पाच पलीकडे नेला की काय होतं?”

“साहेब, पाच कुटंच जात नाय.”

“जात नाही? मग?”

“हिकडचं बी पाच काढायचं आन तिकडचं बी. काटा हलला न्हाई पायजे.”

“पण चिन्ह बदलतं की नाही?”

रंजनानं क्षणभर बाईंकडे पाहिलं, मग साहेबांना समजावत म्हणाली, “आमच्या वर्गात नाय बदलत.”

साहेब मोठ्यानं हसले. वर्ग हसला. बाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकटा मी हसलो नाही. ऑफिसात चहा घेताना साहेब म्हणाले, “मुलगी हुशार आहे हो. बाईंची भाषा जरा गावठी आहे, पण मुलं बोलतात. हे बरं आहे.” चहा संपवून गेले. एवढंच घडलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की सातवीचं गणित उद्यापासून मी घेणार. तुमच्याकडे पाचवीचं मराठी. “साहेबांचा तसा आदेश आहे. पद्धत पुस्तकाबाहेरची आहे म्हणाले.”

हे खोटं होतं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, “सर, समीकरण अर्धं झालंय. उणे अजून राह्यलंय. आठ दिवस द्या, मग काढा.”

“आदेश आहे, बाई.”

“बरं.” त्या गेल्या आणि पाच मिनिटांत पिशव्या घेऊन परत आल्या. कपाटात ठेवल्या. “रिकाम्या पिशव्या आतल्या कप्प्यात हायेत, सर. त्या इसरू नका.” तराजू माहेरचा होता, तो त्यांनी घरी नेला.

रिकाम्या पिशव्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी तयारी नव्हती. ते प्रकरण मी चार दिवसांत उरकलं. पाच पलीकडे, चिन्ह बदल, पुढचं उदाहरण. मुलं गप्प बसून उतरवून घेत होती. रंजना पहिले दोन दिवस हात वर करायची; मी दुसरीकडे बघायचो; तिनं सोडून दिलं. घटक चाचणीत अर्ध्यांनी चिन्हं चुकवली. शिक्षकांच्या बैठकीत मी म्हणालो, “पाया कच्चा राहिला होता.” बाई समोर बसल्या होत्या. त्या पाचवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होत्या आणि एका मुलानं गाईवर लिहिलेलं काहीतरी वाचून हसत होत्या. मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी मी नव्या सातवीत, दार लोटून घेऊन, कपाटातल्या पिशव्या काढल्या. तराजू नव्हता, टेबलाच्या मधे खडूची रेघ मारून दोन बाजू केल्या. पोरांनीच मला उरलेलं शिकवलं, कारण थोरल्या भावंडांकडून त्यांना सगळं पाठ होतं. आणि खरं सांगतो, वीस वर्षांनी मला पहिल्यांदा कळलं की चिन्ह का बदलतं. मला इतका आनंद झाला की कुणाची गोष्ट आहे ते विसरायला तो पुरेसा होता. वर्षाच्या शेवटी मी ‘माझी पिशवी पद्धत’ असं म्हणायला लागलो होतो. शाळेत कुणी काही बोललं नाही. हेडमास्तरला कोण बोलणार!

मग मंचरला शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. प्रत्येक शाळेतून दोघं. मी गेलो, आणि पाचवी ते सातवीच्या शिक्षक म्हणून बाई. पहिल्याच सकाळी संयोजक म्हणाले, कुणाकडे अभिनव पद्धत असेल तर दाखवा. मी कपाटातल्या सगळ्या पिशव्या झोळीत भरून बरोबर घेऊनच गेलो होतो. चौकातल्या वाण्याकडून तराजू मागून आणला. हॉल शिक्षकांनी भरलेला. बाई शेवटून तिसऱ्या रांगेत.

मी भाषण झोकात सुरू केलं. डाव्या पारड्यात दोन पिशव्या, प्रत्येकीत चार गोट्या, आणि तीन सुट्या. उजव्यात अकरा. तराजू उचलला. डावं पारडं खाली गेलं.

मी तराजू हलवला, फुंकर मारली, वाण्याच्या नावानं दोन शब्द बोललो. डावं पारडं खालीच. कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटून उजवीकडे आणखी एक गोटी टाकली. काटा जवळजवळ मधे आला. “आता बघा,” मी म्हणालो, “दोन्हीकडून तीन काढू. उरले नऊ. दोन पिशव्या बरोबर नऊ. म्हणजे एक पिशवी बरोबर…”

“साडेचार,” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“सर, अर्धी गोटी घातली कशी?” दुसरा. “करवतीनं कापली काय राव?” तिसरा. हॉलभर खसखस. मी पारड्यातल्या गोट्या पुन्हा मोजायला लागलो.

तेवढ्यात मागून बाईंचा तो आवाज आला. “सर, रिकाम्या पिशव्या ऱ्हायल्या!”

सगळ्या माना मागे वळल्या. बाई उठून, पाऊल उंच उचलत पुढे आल्या. माझ्या झोळीतून दोन रिकाम्या खाकी पिशव्या काढल्या, उजव्या पारड्यात टाकल्या आणि मी लबाडीनं टाकलेली ती बारावी गोटी उचलून माझ्या हातात दिली. काटा मधे येऊन थांबला. त्या दिवशी खिडकीतून पाहताना गोट्यांखालच्या या रिकाम्या पिशव्या मला दिसल्याच नव्हत्या.

“कापडाला बी वजन असतंय,” त्या हॉलला म्हणाल्या. “आमच्याकडं हिरडा तोलाया लागलं की बाया पयलं रिकामं पोतं कुटं ठिवलंय ते बघत्यात. पलीकडच्या पारड्यात रिकामं पोतं नसंल तर तोलूच देत न्हाईत. हे सर बागायतीतलं, त्यांना हिरडा ठावं न्हाई.”

हॉल हसला, पण आता हसणं वेगळं होतं, मोकळं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “करा सर पुढं,” आणि जागेवर जाऊन बसल्या. मी पुढे केलं. चार गोट्या आल्या, पिशवी उघडली, टाळ्या पडल्या. संयोजकांनी हार घातला; हॉल रिकामा होताना फोटो निघाला, तोच ऑफिसातला. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत दोन पानं छापून आली, खाली माझं नाव. टाळ्या चालू असताना मला ‘ही पद्धत त्या बाईंची’ एवढे चार शब्द म्हणता आले असते. वेळही होता, लोकही होते. मी हार सारखा करत राहिलो.

त्या जूनपासून मी सातवीचं गणित बाईंना परत दिलं. जणू मोठं मन केलं, अशा थाटात. बाईंनी दुसऱ्या दिवशी तराजू चादरीत बांधून आणला. कंडक्टरनं विचारलं असणारच, आणि तीन वर्ग ओलांडून ते हसू पुन्हा ऑफिसात यायला लागलं. पुढे मी निवृत्त झालो, नंतर काही वर्षांनी बाई झाल्या आणि आहुप्याकडे परत गेल्या. माझा फोटो भिंतीवर राहिला.

स्मरणिकेचं पत्र आलं तेव्हा मी ते आठ दिवस देवघरात ठेवलं. मग एका सकाळी उठून घोडेगावची एसटी धरली, तिथून आहुप्याची. भाताची झोडणी चालली होती. बाई अंगणात सूप घेऊन पाखडत होत्या, केसांत भाताचं कूस. मला बघून एवढ्या जोरात हसल्या की शेजारची दोन कुत्री उठून उभी राहिली.

“आरं देवा, सर! डोंगर चढलं व्हय तुमी?”

पाणी झालं, चहा झाला. मी सगळं पाठ करून गेलो होतो, ते एका दमात बोललो. साहेबांनी आदेश दिला नव्हता. मीच खोटं बोललो. पद्धत तुमची, नाव मी लावलं. पाया कच्चा म्हणालो तेही खोटं.

बाई सूप थांबवून ऐकत होत्या. “आदेशाचं मला ठावं व्हतं, सर.”

“कसं?”

“त्याच साली उन्हाळ्यात साहेब यष्टीत भेटलं. मी इचारलं, साहेब, माझं काय चुकलं? तर ते म्हणलं, कुठलं? मी तर तुमच्या त्या पोरीची गोष्ट घरी सांगितली.” बाईंनी सूप झटकलं. “मंग मला कळलं.”

म्हणजे मंचरला मी साडेचारवर अडकलो होतो तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, “मग तुम्ही उठलात कशाला? गप्प बसला असतात तर माझी फजिती पुरी झाली असती.”

“तुमच्यासाठी न्हाई उठले,” बाई सरळ म्हणाल्या. “तिथं शंभरभर मास्तर बसलं व्हतं. साडेचार गोट्या डोक्यात घेऊन घरी गेलं असतं आन पोरांना तेच शिकवलं असतं. निस्तरलं कोणी असतं?”

मी स्मरणिकेचं पत्र पुढे केलं आणि म्हटलं, “आता मी हे सगळं छापणार आहे. पद्धत तुमची, असं.”

“छापा. नावाचं मला कायबी न्हाई वाटलं, सर. पोरांना आलं ना, मंग कुणाच्या का नावानं येईना.” मग त्यांनी सूप खाली ठेवलं. “पर ती सातवी. एक्केचाळीस पोरं. उणे ऱ्हायलं व्हतं त्यांचं. मी आठ दिवस मागितलं व्हतं तुमच्याकडं. सात दिवस बी चाललं असतं. रंजी धाव्वीला बीजगणितात गेली. बाप म्हणला, गेली तर गेली, लगीन केलं. पुढं तिनं भायेरून पेपर दिला, सुटली ती. पर बाकीच्यांचं काय?”

इतकी वर्षं मी चुकीच्या गोष्टीची लाज बाळगत होतो. मला नाव चोरल्याची टोचणी होती. बाईंना त्या एक्केचाळीस मुलांची.

“लिहायचंच तर त्यांची नावं लिहा,” बाई म्हणाल्या. “ह्यांचं शिकणं मी, हेडमास्तरनं, मधीच तोडलं, असं.”

“मला नावं आठवत नाहीत, बाई.” सातवीचे चार महिने आणि पुढे दहावीपर्यंत मी त्यांना शिकवलं होतं. रंजनाशिवाय एक नाव आठवत नव्हतं.

“मला येत्यात की. घ्या लिहून.”

खिशात एक लग्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर लिहायला लागलो. बाई डोळे मिटून हजेरी घ्यावी तशा सांगत गेल्या. प्रत्येक नावानंतर जरा थांबायच्या आणि पुढे काहीतरी जोडायच्या. “हा आता मंचरात गॅरेज करतोय.” “ही लई रडायची.” “ह्यानं माझा खडू पळवला व्हता, दोन वेळा.” सतराव्याला अडल्या, कपाळ चोळलं, घरात जाऊन पाणी पिऊन आल्या आणि दारातूनच सतरावं नाव ओरडल्या. तोवर एसटीची वेळ झाली. बाई माझ्याबरोबर थांब्यापर्यंत नावं सांगत आल्या. गाडी उभीच होती. मी खिडकीशी बसलो, बाई खाली उभ्या. छत्तीस, सदतीस. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गाडी हलली तशा बाई बरोबर चालायला लागल्या. अडतीस. एकोणचाळीस. चाळीसला त्या पळत होत्या. एक्केचाळीसावं नाव त्यांनी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

मी सवयीनं मान हलवली, ऐकू आल्यासारखी. बाईंनीही समाधानानं हात हलवला.

गाडी वळणापर्यंत गेली आणि मी उठलो. “कंडक्टर, बेल मारा. थांबवा.”

“काय झालं, आजोबा? काय ऱ्हायलं?”

“एक नाव राहिलं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण बेल मारली. मी काठी टेकत धुळीतून मागे गेलो. बाई अजून तिथंच, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“काय वो, सर?”

“शेवटचं ऐकू आलं नाही.”

बाई हसल्या. मग त्यांनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली आणि शुद्धलेखन घालावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “वंदना. बबन. पोखरकर.”

मी तिथंच उभा राहून लिहिलं.